हलव्याचं मंगळसूत्र

माझ्या सासूबाईंना सगळं येत होतं. निदान त्या तसं सांगायच्या. पुरणपोळ्या, पापड, भरतकाम, दुसऱ्यांच्या सुनांना वळण लावणं, सगळं. फक्त हलव्याला काटा आणणं त्यांना कधी जमलं नाही, आणि ही एकच गोष्ट त्यांनी सगळ्या आर्वीपासून लपवून ठेवली होती.

मी प्रमिला. चौपन्न सालच्या उन्हाळ्यात लग्न होऊन नालवाडीहून आर्वीत आले. माझे यजमान प्रभाकरराव कापसाच्या जिनात फिटर होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की हे घरात फक्त जेवायला आणि झोपायला यायचे. आले की भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळ्यांवर कापूसच कापूस. मला हसू यायचं, आणि हसता हसता भीतीही वाटायची. जिनात माणूस असलेल्या प्रत्येक घरात ती भीती असते. कापसातून एखादा खिळा नाहीतर खडा यंत्रात गेला, घासला, ठिणगी उडाली की संपलं. पाळी बदलायच्या वेळी संध्याकाळी जिनाचा भोंगा वाजायचा. तो वेळेवर वाजला की मी सुटकेचा श्वास टाकायची. अवेळी वाजलेला मी तोवर कधी ऐकला नव्हता, पण मनात मात्र रोज ऐकत होते.

मी मुळातच भित्री. माहेरी भाऊ मला भागूबाई म्हणायचे. पाल चुकचुकली, मांजर आडवं गेलं, दिवा फडफडला, मला सगळ्याचा अर्थ लागायचा आणि तो कधीच चांगला नसायचा.

तर, माझी पहिली संक्रांत. पहिल्या संक्रांतीला सासरच्यांनी सुनेला काळी चंद्रकळा नेसवायची आणि हलव्याचे दागिने घालून हळदीकुंकवाला मधोमध बसवायचं, ही रीत. मी माहेरपणाला नालवाडीला गेले होते, ती भोगीच्या दिवशी परत आले. हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्यापुढे एक सूप आणून ठेवलं आणि वरचा रुमाल काढला.

मी बघतच राहिले. हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, नथ. सगळं साखरेचं, पांढरंशुभ्र, आणि दाण्यादाण्याला काटा असा आलेला की पेरूच्या पानावर दव पडावं. सगळ्यांच्या मधोमध मंगळसूत्र होतं. खसखशीचा बारीक हलवा काळ्या दोऱ्यात ओवलेला आणि वाट्यांच्या जागी साबुदाण्याचे दोन टपोरे दाणे. मी हलवा होताना पाहिलेला होता. शेगडीत नुसती धग ठेवायची, परातीत पाकाचा एकेक थेंब सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत बसायचं. थेंब जास्त पडला की गोळा होतो, हात थांबला की करपतं. कुणीतरी माझ्यासाठी इतकं बसलं होतं. मला रडूच आलं. सासूबाई मला फारशा आवडत नव्हत्या, त्या क्षणी फार आवडल्या. मी वाकून पाया पडले.

"शेगडीपुढून हालली नाई मी," त्या म्हणाल्या. "कंबरेचं पार पानी झालं. पन म्हटलं, सुनेले सासूच्या हातचंच पाह्यजे."

"आई, किती सुंदर केलं तुमी!"

"असू दे, असू दे," त्या म्हणाल्या आणि रुमालाची घडी करत गडबडीनं आत गेल्या.

आमच्या घराच्या मागच्या खोलीत आत्याबाई राहायच्या. रुखमाआत्याबाई, सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवरा गेला आणि त्या भावाकडे आल्या, त्या इथंच. पांढरं लुगडं, उघडं कपाळ, आणि हात कायम पदराखाली. त्या धान्य पाखडायच्या, वाती वळायच्या, पण कुणी माणूस समोर आलं की हात पदरात जायचे. घरात लग्नमुंज, डोहाळजेवण, हळदीकुंकू काही असलं की त्या सकाळपासून मागं जाऊन बसायच्या. त्यांना कुणी जा म्हणत नसे. म्हणावं लागतच नसे.

त्या दुपारी ओसरीवर सतरंज्या पडल्या. बायका आल्या. मी मधोमध पाटावर, चंद्रकळा नेसून, साखरेनं मढलेली. मान जरा वळवली की काटा टोचायचा. बायका वाकून वाकून बघायच्या. कुणी म्हणालं, दृष्ट लागेल. कुणी म्हणालं, एक बांगडी खाऊन पाहू का वं? सासूबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन अशा मिरवत होत्या की जणू आज त्यांचंच लग्न आहे.

मग शोभाबाई आल्या. शोभाबाई शेजारच्या. त्यांचे यजमान रूपरावही जिनातच, यांच्याच पाळीला. रीतीभातीतलं शोभाबाईंना सगळं ठाऊक. कुठल्या महिन्यात कुणी कुठल्या दिशेला डोकं करून झोपायचं, हेसुद्धा लोक त्यांना विचारायला यायचे. त्यांनी माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र दोन बोटांत धरलं, उजेडाकडे केलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"खसखशीले काटा आनला," त्या म्हणाल्या. "आर्वीत हे कोनाले जमत नाई. सुलोचनाबाई, बोटं पाहू तुमची."

"आता बोटं काऊन?" सासूबाई हसल्या.

"पाहू त खरं."

ज्यांनी हलवा केला आहे त्यांना हे लगेच कळेल. परातीत फिरवून फिरवून बोटांची टोकं भाजतात, फोड येतात, आणि पुढं कितीतरी दिवस त्यांची सालं निघत राहतात. शोभाबाईंनी सासूबाईंचा हात उलटा केला. बोटं गुळगुळीत. कुंकवाचा लाल रंग तेवढा होता.

"मंग कोनं केलं हे?"

सासूबाईंची नजर एकदा मागच्या दाराकडे गेली आणि परत आली. तेवढं पुरे झालं. सगळ्या बायकांच्या माना तिकडं वळल्या, मग माझ्या गळ्याकडे. माझ्या सगळ्यात जवळ बसलेली बाई सतरंजीवरच थोडी मागं सरकली.

"उघड्या कपाळाच्या हातचं मंगळसूत्र?" शोभाबाई हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "सुलोचनाबाई, काय केलं वं तुमी हे? नव्या पोरीच्या गळ्यात?"

तोवर मानेला नुसते टोचणारे ते दाणे आता एकेक करून वेगळे जाणवायला लागले. मला ते काढायचं होतं, ताबडतोब. पण सगळ्यांसमोर हात वर नेण्याचीही भीती वाटली. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्या शोभाबाईंना घाबरल्या नव्हत्या. त्या त्याच गोष्टीला घाबरल्या होत्या जिला मी घाबरले होते. कौतुकाच्या नादात त्यांनी ती इतके दिवस मनात येऊ दिली नव्हती, एवढंच.

आणि तेव्हा भोंगा वाजला.

पाळीची वेळ व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. उन्हं अंगणात होती. भोंगा वाजला, थांबला, वाजला, थांबला, वाजला. मी मनात रोज ऐकत होते, अगदी तसाच.

"आग," कुणीतरी म्हणालं.

मग काय झालं ते मला तुकड्यांनीच आठवतं. बायका उठल्या. कोयरी लवंडली, सतरंजीवर कुंकू सांडलं आणि त्यात कुणाचं तरी पाऊल पडलं. जिनाच्या बाजूला धुराचा काळा लोट वर चढत होता. सासूबाई माझ्यावर झेपावल्या.

"काढ! काढ ते! फेक!"

त्यांचा हात माझ्या गळ्याशी पोचला होता, तो शोभाबाईंनी वरच्यावर धरला.

"डोकं फिरलं का तुमचं? मानूस आगीत हाये अन् मंगळसूत्र उतरवता?"

"सोन्याचं हाये तिच्या गळ्यात! हे साखरेचं हाये!"

"साखरेचं असो का सोन्याचं, नाव मंगळसूत्रच हाये! या वक्ताले त्याले हात लावू नोका!"

"पन ते रुखमाच्या हातचं..."

"हो ना! तिच्या हातचं! आता घालून ठेवलं तरी भेव अन् काढलं तरी भेव. करून ठेवलं तुमी!" एवढं बोलून शोभाबाईंना आपले रूपराव आठवले. त्यांनी सासूबाईंचा हात सोडला, पदर खोचला आणि धावत सुटल्या. सासूबाई त्यांच्या मागं, अनवाणी. "रुखमानं केलं व माय, मी नाई केलं, रुखमानं केलं," असं त्या रस्त्यानं ओरडत चालल्या होत्या. सकाळपासून स्वतःच्या नावावर लावलेली वस्तू त्यांनी भर रस्त्यात परत करून टाकली.

मी एकटी उरले. नवी सून, काळ्या चंद्रकळेत, साखरेनं लगडलेली. अशा अवतारात रस्त्यावर जाता येत नव्हतं आणि घरात थांबता येत नव्हतं. मी मानेमागची गाठ चाचपली. बोटांना सापडली. ओढली असती तर सुटली असती. मला दिसलं की मी ओढते आहे आणि त्याच क्षणी तिकडं छत कोसळतं आहे. मी हात सोडला. मग दिसलं की ते गळ्यात तसंच आहे आणि म्हणून छत कोसळतं आहे. पुन्हा गाठ धरली. एक हात गाठीवर आणि दुसरा हात त्या हाताला आवरून धरतोय, अशी मी ओसरीवर उभी होते. भोंगा थांबतच नव्हता. थंडीतही मला घाम फुटला होता, साखर पाझरून मानेला चिकटायला लागली होती, आणि एक दाणा सुटून माझ्या पायाशी पडला. मी किंचाळले. तो दाणा उचलून मुठीत घट्ट धरला आणि मागं पळाले.

आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीखाली दाबलेले, जणू कुणी ते ओढून नेईल. माझी चाहूल लागली तरी वळल्या नाहीत.

"तोडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"तोड. नाई, नोको तोडू. मले इचारू नोको. तूच काय ते कर. मी हात लावत नाई. या हातानं आता काही व्हाले नोको."

मला त्यांचा राग आला होता. पळत येताना मी ठरवलं होतं की त्यांना तोंडावर विचारायचं, माझ्या जिवाशी का खेळलात म्हणून. पण त्यांची पाठ माझ्यापेक्षा जास्त थरथरत होती.

"आत्याबाई, तुमी काऊन केलं हो?" एवढंच माझ्या तोंडून आलं.

"तुह्या सासूनं मागतलं. म्हने, दाने करून द्या, कोनाले सांगत नाई. मले कोनी काही मागत नाई वं पोरी. मागतलं त भुलली मी. दाने झाले, मंग म्हने ओवूनच द्या. ओवता ओवता एवढं चांगलं वाटलं मले, का भेव सुचलंच नाई."

भोंगा अजून वाजत होता. मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

"माह्या पहिल्या संक्रांतीले," आत्याबाई भिंतीशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "माह्या सासूनं केलते दागिने. आठ लेकरांची माय. जोडव्यानं बोटं झिजलेली सवाष्ण. मंगळसूत्र ओवाले गावातल्या पाच सवाष्णी बसवल्या होत्या. कोनाचा हात कमी म्हनून नाई."

"मग?"

"मंग काय. होळी नाई पाह्यली त्यांनी."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं, त्या आपल्या यजमानांबद्दल बोलत होत्या, आणि माझी भीती गेली नाही, पण तिचा पाय घसरला. इतका वेळ मी हातांचा हिशेब करत होते, कुणाचा चांगला, कुणाचा वाईट. आता तो लागेना.

"मग आत्याबाई, हातात काय असते?"

"मले काय मालूम?" त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. डोळे कोरडे होते. "मी तवापासून हेच पुसून राह्यली. कोनी सांगत नाई. भेव मात्र सारे दाखवतात."

मी गळ्यातली गाठ उकलली नाही. धीर आला म्हणून नव्हे. मला दोन्हीकडून सारखीच भीती वाटत होती. मला फक्त काहीतरी धरायचं होतं. मी आत्याबाईंच्या मांडीखालून त्यांचा हात ओढून काढला. बोटांची टोकं लालबुंद, फोड फुटून सोललेली. माझ्या मुठीतला दाणा आम्हा दोघींच्या हातांमध्ये दाबला गेला आणि तसाच राहिला.

मग भोंगा थांबला. तो वाजत होता तोवर निदान काहीतरी चालू होतं. आता काहीच ऐकू येईना. आत्याबाई काहीतरी पुटपुटत होत्या, देवाचं नाव असावं. यांच्या कानाच्या पाळीवरचा कापूस मला दिसत होता, आणि तो पेटलेला दिसू नये म्हणून मी डोळे सताड उघडे ठेवले होते.

अंगणात पावलं वाजली. खोकल्याचा आवाज आला. तो खोकला मी हजार माणसांत ओळखला असता.

मी बाहेर धावले. हे काळेठिक्कर होऊन आले होते. एक भुवई जळलेली, सदऱ्याची बाही गेलेली, पण दोन पायांवर चालत. मागं सासरे पुंडलिकराव, त्यांच्या मागं सासूबाई, रडत आणि हसत. कापसाची एक गंजी जळून खाक झाली होती, माणूस मात्र कुणी गेलं नव्हतं. रूपरावांच्या पायाला थोडं भाजलं होतं. यांनी माझ्याकडे पाहिलं, चंद्रकळा, साखर, काजळ गालांवर उतरलेलं, आणि म्हणाले, "काय वं हे? कोनी मारलं का तुले?" मी तिथंच खाली बसून हमसून हमसून रडले.

घटकाभरात अंगण बायकांनी भरलं. सासूबाईंना कंठ फुटला होता.

"कसं काही होईन त्याले?" त्या म्हणत होत्या. "सुनेच्या अंगावर माह्या हातचे दागिने होते! शेगडीपुढून हालली नाई मी!"

माझा कानांवर विश्वास बसेना. शोभाबाई समोरच होत्या. त्यांनी सासूबाईंच्या गुळगुळीत बोटांकडे एकदा पाहिलं, पण त्यांचाही माणूस घरी आला होता आणि त्या दिवशी त्यांना वाद नको होता. मला मात्र संताप आला. आत्याबाई सैपाकघराच्या उंबऱ्याआड उभ्या होत्या.

"आई, दागिने त आत्याबाईंनी..." मी सुरुवात केली.

"सुलोचनाबाईनंच केले," आत्याबाई आतून म्हणाल्या. "मी पाह्यलं ना." आणि हात पदराखाली घेतले.

मला वाटलं, हा काय मोठेपणा! मग त्यांचा चेहरा दिसला. मोठेपणा नव्हता तो. आजचं चांगलं त्यांच्या हाताचं ठरलं, तर उद्याचं वाईटही त्यांच्याच हाताचं ठरणार होतं. त्यांना दोन्ही नको होतं.

बाकीचे दागिने रीतीप्रमाणे मोडून पोरांना वाटले. मंगळसूत्र मी एका डब्यात ठेवून दिलं. पावसाळ्यात डबा उघडला तर मुंग्यांनी नुसता दोरा ठेवला होता. मी परत घाबरले, पण हे समोरच बसून भाकरी खात होते.

पुढच्या संक्रांतीला मुलगा तीन महिन्यांचा होता. त्याचं बोरन्हाण करायचं ठरलं. बोरन्हाणाला लेकराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने लागतात. सासूबाई या वेळी आधीच म्हणाल्या, "बजारातून आनू. इकतचे आनू." आणि मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला सांगू? मागच्या वर्षी जे कळलं होतं ते कळलेलं होतंच, पण एखादी भीती खोटी आहे हे कळलं म्हणून ती जात नाही. आणि आता तर लेकरू होतं. नवरा पळून येतो, तीन महिन्यांचं पोर कुठं पळणार?

पण रोज एक गोष्ट दिसत होती. आत्याबाईंनी त्याला जन्मल्यापासून हात लावला नव्हता. तो पाळण्यात रडला की त्या लांब उभ्या राहून "अरे अरे अरे" करायच्या आणि मला हाक मारायच्या. तो त्यांच्याकडे पाहून हसायचा, मुठी उघडायचा, मिटायचा. त्यांचे हात पदराखालीच हलताना मला दिसायचे. एक दिवस त्या पदराखाली, त्याला न शिवता, नुसत्या हवेत थोपटत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी शेगडी, परात आणि साखर घेऊन मागच्या खोलीत गेले.

"नोको वं," त्यांनी परात पाहूनच मान हलवली. "मले भेव लागते. आता लेकरू हाये."

"मले बी लागते," मी म्हटलं. "पण मले येत नाई. शिकवा."

"तोंडानं सांगते. हात नाई लावत."

तोंडी शिकून केलेला माझा पहिला हलवा अगदी सासूबाईंसारखा झाला. गुळगुळीत, आणि चार-चार दाण्यांची मिठी. दुसरा करपायला लागला. "फिरव, फिरव, थांबू नोको," त्या सांगत होत्या, मी फिरवत होते, चटका बसला की हात उचलत होते. मग काय झालं त्यांनाही कळलं नसेल. त्यांचा हात पदरातून सुटला आणि परातीत गेला. बोटं अशी फिरली की दाणे आपोआप सुटे झाले. पुढच्या क्षणी त्यांनी हात मागं ओढला, पण मी तो धरला.

"राहू द्या. माझ्या हातासोबत राहू द्या."

"सोड पोरी."

"दोघींची बोटं एकाच परातीत. आता कोणता दाणा कोणाचा, कोण सांगन?"

त्यांनी हात काढला नाही. रोज दुपारी आम्ही तशा बसायला लागलो. माझी बोटं भाजली, फोड आले, आणि एका दुपारी दाण्यांवर बारीक काटा दिसला. मला आनंद झाला आणि त्याच वेळी धडकीही भरली. अजून वेळ गेलेली नाही, हे फेकून बाजारातून आणता येईल, असं मी त्या दिवशी किती वेळा मनाशी म्हटलं असेल याची गणती नाही.

बोरन्हाणाला ओसरीवर पुन्हा सतरंज्या पडल्या. पाटावर सासूबाईंच्या मांडीत माझा मुलगा, काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार. शोभाबाई आल्या. हार पाहिला आणि माझ्याकडे वळल्या.

"बोटं पाहू."

मी हात पुढं केले. फोड पाहून त्यांची मान समाधानानं हलली. "शिकली वं पोरगी," त्या म्हणाल्या. सासूबाईंचाही श्वास सुटला. मला पुढचं बोलायचं होतं. अजून दोन हात आहेत, तेही पाहा, असं. जीभ वळेना. आत्याबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या, पाटापासून दोन हातांवर, आणि मला डोळ्यांनी नको नको म्हणत होत्या.

बोरं, कुरमुरे, उसाचे करवे लेकराच्या डोक्यावरून ओतले. पोरं वेचायला तुटून पडली. त्या गलक्यात भोंगा वाजला.

ओसरीवरची एकेक बाई जागच्या जागी थिजली. मागच्या वर्षीचं सगळं सगळ्यांच्या चेहऱ्यावर आलं. सासूबाई धडपडत उठल्या, त्यांच्या मांडीतून मूल पाटावर घसरलं आणि कळवळून रडलं. भोंगा पुन्हा अडखळतो का, तेवढंच मी ऐकत होते.

अडखळला नाही. एकच लांब सूर काढून थांबला. पाळी बदलली होती. वेळ झाली होती, एवढंच.

मी पाटाकडे पाहिलं. मूल पाटावर नव्हतं. आत्याबाईंनी ते उचलून छातीशी कवटाळलं होतं, इतकं घट्ट की हलव्याचा हार त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर चुरडला होता. त्यांचे दोन्ही हात त्याच्या काळ्या झबल्यावर पसरलेले होते आणि सोललेली, लाल बोटं साऱ्या बायकांना दिसत होती. शोभाबाईंनी ती पाहिली, मग माझी बोटं पाहिली. पोर रडायचं थांबून आत्याबाईंच्या खांद्यावरची साखर चाटायला लागलं होतं.

आत्याबाईंना भोंगा थांबल्याचं उशिरा कळलं. त्यांनी लेकराकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. घाईघाईनं त्या माझ्याकडे आल्या आणि त्याला माझ्यापुढे धरलं.

"घे वं," त्या म्हणाल्या. "घे लवकर."

मला भीती वाटत होती. अजूनही वाटत होती. तरी त्याला त्यांच्याकडेच राहू देत मी माझे दोन्ही हात पदराखाली घेतले.